सफाई मोहिमेनंतरचा सोमवार

मुठाकाठची | रविवार, रात्री ९.४०

आज सकाळी घाटावरची सफाई झाली. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी आम्ही जमतो, यंदाचं सहावं वर्ष. साठेक माणसं होती, त्यात शाळकरी मुलं बरीच. दोन तासांत ३९ पोती भरली. अंग दुखतंय, नखांतला काळा गाळ अजून निघालेला नाही, पण फार बरं वाटतंय. तरी एक प्रश्न सहा वर्षं मनात घोळतोय, तो आज इथे मांडते.

सफाईला येणारी निम्मी माणसं आमच्याच सोसायटीतली असतात. सोमवारी सकाळी मजल्यावरच्या बादल्यांकडे नजर गेली की चहाचा चोथा, औषधाची पाकिटं, डायपर, पनीरचा डबा सगळं एकत्र दिसतं. ज्यांच्याबरोबर आदल्या दिवशी चिखलात उभी होते, त्यांच्याच घरच्या बादल्या. मला त्यांची तक्रार करायची नाही, ती माझीच माणसं आहेत. दोन तास मनापासून राबलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरापर्यंत ते काम का पोचत नाही, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

कारण एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांदेखत पालटली. निर्माल्य. माझ्या लहानपणी आजोबा पिशवीत भरलेलं निर्माल्य पुलावरून नदीत सोडून नमस्कार करायचे, पिशवीसकट. आज आमच्या बिल्डिंगमधलं एकही घर असं करत नाही. निर्माल्य कलशात जातं, नाहीतर घरच्या कुंडीत. मूर्तीचंही तसंच. शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विरघळवणारी घरं दरवर्षी वाढताहेत. प्लास्टरची असेल तर अमोनियम बायकार्बोनेट घालतात, ही पद्धत आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. दोनेक दिवसांत तळाला चुन्यासारखा साका बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, ते पातळ करून झाडांना घालता येतं. पहिल्या वर्षी बादलीत बुडबुडे येताना पाहून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनीच बादली घासून ठेवली.

मग निर्माल्याचं जमलं ते ओल्या-सुक्याचं का नाही जमलं? ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायचे, हा नियम २०१६मध्येच आला. ठाऊक नाही असं कुणीच म्हणत नाही.

तुमच्याकडे एखाद्या मोहिमेनं, महोत्सवानं, श्रमदानानं रोजची सवय कायमची बदलली का? शक्यतो स्वतःचं सांगा.

कट्ट्यावरचा | रविवार, रात्री १०.१५

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, म्हणून मनातलं सांगतो. असल्या कार्यक्रमांतून सवय लागते यावर माझा विश्वास नाही. उलट कधीकधी सुटका मिळते. रविवारी नदी साफ केली, मग सोमवारी मन टोचत नाही.

वृक्षारोपणात मी हे जवळून पाहिलंय. १ जुलै २०१६ला राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला, पुढे चार कोटी, तेरा कोटी, तेहेतीस कोटी असे आकडे चढत गेले. मी दोन वर्षं टेकडीवर खड्डे खणायला गेलो. पहिल्या वर्षी आमच्या गटानं चाळीस रोपं लावली. एप्रिलमध्ये मी एकटा पाहायला गेलो तर सात उरली होती. रोप आपण जुलैत लावतो पण ते मरतं मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा टेकडीवर कॅन घेऊन चढायला कुणी नसतं. आज मला त्या सात झाडांपेक्षा तेहेतीस खड्डेच जास्त आठवतात.

मुठाकाठची | रविवार, रात्री १०.२८

त्या सातांचं पुढे काय झालं?

कट्ट्यावरचा | रविवार, रात्री १०.४४

पाच आहेत. त्या उन्हाळ्यापासून दर बुधवारी मी आणि एक शेजारी पाच-पाच लिटरचे दोन कॅन वर नेतो. कडुनिंब आता डोक्याच्या वर गेलाय.

दर्यावर्दी | सोमवार, सकाळी ७.०५

कट्ट्यावरचे साहेब, मग तुमची बुधवारची सवय त्या खड्ड्यांतूनच आली की! ती मोजा ना.

मी वर्सोव्याचा. ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथूर या दोघांनीच किनारा साफ करायला सुरुवात केली. मी पहिल्यांदा गेलो पुढच्या वर्षी. त्याच वर्षी शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला. मार्च २०१८मध्ये त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली तेव्हा पेपरांतून फोटो आले, ते बऱ्याच जणांनी पाहिले असतील. पण माझी सवय कासवानं नाही बदलली. दुधाच्या पिशवीनं बदलली.

म्हणजे असं. आपण दुधाच्या पिशवीचा कोपरा कात्रीनं कापतो. तो तिकोनी तुकडा, नखाएवढा, एका बाजूनं निळा. मोठ्या पिशव्या, चपला, दोऱ्या उचलायला सोप्या, ओढल्या की निघतात. हे तुकडे वाळूत कालवलेले असतात. हातमोज्याच्या चिमटीत येत नाहीत. मोजा काढावा तर काच लागायची भीती. चाळण लावली तर शिंपल्यांबरोबर अडकतात, मग एकेक निवडायचा. एका सकाळी मी एका जागी बसून, उठलोच नाही, ३१२ कोपरे वेचले. पाठ धरली. घरी आलो, आंघोळ केली, आईनं चहाला आधण ठेवलं आणि पिशवी घेऊन कात्री उचलली. मी ओरडलोच, "आई, थांब."

तेव्हापासून आमच्या घरी कोपरा तोडत नाही. तिरपी चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लटकत ठेवायचा, दूध ओतलं की पिशवी विसळून खिडकीच्या गजाला चिमट्यानं वाळत घालायची. जवळपास नऊ वर्षं झाली. आईला कुणीही भाषण दिलं नाही, मी फक्त ते ३१२ तुकडे पेपरात गुंडाळून घरी आणले होते, ते तिच्यापुढे ओतले.

मला वाटतं, प्रत्यक्ष वेचून हात ज्याला ओळखू लागतो, ती वस्तू मग घरी दिसायला लागते. तुमच्या घाटावर लोक पोती भरतात तेव्हा पोत्यात काय आहे ते बघतात का?

मुठाकाठची | सोमवार, सकाळी ८.२०

नाही बघत. आम्ही पोत्यांची संख्या मोजतो. ३९ पोती, मागल्या वर्षी ४४. आत काय होतं ते मला आत्ता विचारलं तर नीट सांगता येणार नाही.

माणदेशी | सोमवार, दुपारी १.३०

आमच्याकडचं सांगतो. माण तालुका, सातारा जिल्हा. २०१८च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांनी श्रमदानातनं पाणी अडवायच्या स्पर्धेत, आमचं गाव उतरलं होतं. ८ एप्रिल ते २२ मे, ४५ दिवस. पहिला नंबर आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीला आला, आमचा नाही आला. तरी ते ४५ दिवस गाव विसरणार नाही. रात्री बारा वाजता डोंगरावर बॅटऱ्या, पोरं हायड्रोमार्कर धरून समपातळीच्या रेघा मारतायत, मागनं बाया घमेली ओढतायत. भावकीत वर्षानुवर्षं बोलणं नसलेली माणसं एका चरात टिकाव मारत होती. १ मेला महाश्रमदानाला शहरातनं लोक आले, त्यांच्या हाताला फोड आलेले बघून आमच्या चुलतीनं हळद लावली.

पाऊस झाला, पाणी साठलं. आता तुम्ही विचारलेला प्रश्न. काय टिकलं?

टिकला शोषखड्डा. स्पर्धेत घरोघरी शोषखड्ड्याला गुण होते म्हणून खणले. पण एकदा अंगणात खड्डा झाला, मोरीचं पाणी त्यात गेलं, दारातला चिखल गेला, डास कमी झाले. मग तो कोण बुजवतोय? आईला आता सांगावं लागत नाही, दोन वर्षांनी खडी काढून धुऊन परत भरते. भांड्याचं पाणी शेवग्याला, हेही तेव्हापासून.

आणि काय नाही टिकलं, तेही खरं सांगायला पाहिजे. विहिरीला पाणी दिसल्यावर दोन वर्षांत काही शेतात ऊस उभा राहिला. नवीन बोअर पडल्या. ज्यांनी पाडल्या तेही डोंगरावर ४५ दिवस राबलेले, त्यांच्या घामात खोट नव्हती. पण पाणी आल्यावर ते कसं वापरायचं, हे आम्ही ग्रामसभेत बसून ठरवलंच नाही.

हिवरे बाजारला जाऊन आलो तेव्हा हे डोक्यात शिरलं. पोपटराव पवारांना २०२०ला पद्मश्री जाहीर झाली ते गाव. तिथं बंधारे-चर आहेतच, पण शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी करायची नाही, हा गावाचा नियम आधीपासून. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कुठलं पीक किती घ्यायचं ते गाव बसून ठरवतं. आमच्याकडं जत्रा मोठी झाली, पण जत्रेनंतरची बैठक झाली नाही. गेल्या वर्षीपासून आम्ही पर्जन्यमापक बसवलाय, शाळेतली पोरं रोज फळ्यावर आकडा लिहितात. उशिरा का होईना, त्या आकड्यावरनं यंदा ज्वारी-हरभऱ्याचं बोलणं तरी सुरू झालं.

पंचगंगा | सोमवार, दुपारी ३.१०

निर्माल्याच्या प्रश्नाचं थोडं उत्तर कोल्हापुरात सापडेल. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं, डॉ. दाभोलकरांच्या काळापासून, विसर्जित मूर्ती आणि निर्माल्य दान करायचं आवाहन सुरू केलं. पंचगंगेच्या घाटावर कार्यकर्ते उभे असायचे, मी वडिलांच्या बोटाला धरून पाहिलेत. वाद झाले, लोक अंगावर गेले, वडीलही चिडले होते. पण पुढे जिल्ह्यात हे रुजलं, आज घाटावर मूर्ती दान करायला लोक स्वतः येतात.

यात कुणी विधी सोडायला लावला नाही. आरती करा, पाण्याचा स्पर्श द्या, "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणा आणि मूर्ती आमच्या हाती द्या. होळीचंही तसंच, होळी लहान करा आणि पोळी दान करा. पोळी आगीत टाकायच्या ऐवजी समोर टोपली धरलेला पोरगा उभा असतो. जिथे हात सुटणार, बरोबर तिथेच दुसरी जागा तयार ठेवलेली असते. वडिलांनी शेवटी मूर्ती दिली ती युक्तिवादानं नव्हे. ज्या मुलानं घेतली त्यानं चपला काढल्या होत्या आणि दोन्ही हातांनी घेतली होती.

ओल्या-सुक्याला अशी जागा कुठे आहे? तुमच्या सोसायटीत प्रत्येक घराला एकच बादली दिली असेल तर माणूस दोन भाग कुठे करणार?

मुठाकाठची | सोमवार, दुपारी ३.४५

एकच दिली आहे. सुक्यासाठी "तुमची पिशवी वापरा" असं सूचना फलकावर लिहिलंय.

पारिजात | सोमवार, रात्री ८.५०

मी इथे नुसती वाचत असते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी आई कचरावेचक आहे. आधी कंटेनरवर वेचायची, आता बरीच वर्षं 'स्वच्छ'ची सभासद. ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, २००८पासून पुण्यात पालिकेबरोबर दारोदार कचरा घेते.

सफाई मोहिमेची पोती दुसऱ्या दिवशी कुणाच्या हातात येतात? आमच्या वस्तीजवळ एका मोहिमेनंतर रस्त्याच्या कोपऱ्यात पोती रचून मंडळी गेली. चिखलानं ओलं प्लास्टिक, त्यात दारूच्या फुटलेल्या बाटल्या, एक सुई. आईच्या अंगठ्याला लागलं. ते प्लास्टिक भंगारवाल्यानं घेतलं नाही, कारण मातीनं भरलेलं कुणीच घेत नाही. मोहिमेतली माणसं चांगलीच होती. त्यांना पोत्याच्या पुढचा प्रवास माहीतच नव्हता.

आता चांगलं सांगते. आईच्या मार्गावरच्या एका सोसायटीनं ५ जूनला कार्यक्रम ठेवला आणि तिला बोलावलं. तिला वाटलं शाल-नारळ असेल. तर तिथल्या ताईंनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, त्या दिवशीची एका घराची बादली ओतली आणि म्हणाल्या, "मावशी, यातलं तुम्हाला काय चालतं ते सांगा."

आई आधी गप्प. मग एकेक उचलायला लागली. धुतलेली दुधाची पिशवी, हिला भाव मिळतो. तेलाची चिकट पिशवी, हिला नाही. पुठ्ठा कोरडा असेल तर. वेफर्सचं चंदेरी पाकीट, हे कुणीच घेत नाही, कितीही जमवा. पावाच्या तुकड्याला चिकटलेला कागद गेला वाया. मग पॅड निघालं, नुसतंच, न गुंडाळता. सगळे खाली बघायला लागले. आईनं ते तसंच बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "हे रोज हातानं काढते मी. मग त्याच हातानं भाकरी खाते."

त्या सोसायटीत आजही पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून येतात. सगळ्या घरांतून. चार वर्षं झाली. आणि आईला तिथे नावानं हाक मारतात. बाकी ठिकाणी ती "कचरावाली" आहे. मुठाकाठची ताई, तुमच्या साठ माणसांपैकी किती जणांना तुमच्या कचरा घेणाऱ्या ताईंचं नाव माहीत आहे?

मुठाकाठची | सोमवार, रात्री ९.०५

पारिजात, तुझं लिहिणं मी दोनदा वाचलं. मला नाव माहीत नाही. सहा वर्षं त्या रोज आमच्या दारात येतात. आमच्या ३९ पोत्यांचं काय झालं तेही मी विचारलं नाही.

इसारकाठ | मंगळवार, पहाटे २.१५

म्युनिकहून. इथे सामुदायिक सफाईला 'रामादामा' म्हणतात! बव्हेरियन बोलीत त्याचा अर्थ साधारण "चला, आवरून टाकू या". महायुद्धात शहर ढिगाऱ्याखाली गेलं होतं, तेव्हा १९४९मध्ये महापौर थॉमस विमर यांनी नागरिकांना फावडी घेऊन रस्त्यावर बोलावलं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मला आपलंच काही वाटलं होतं. आता या भागात नदीकाठ, बागा झाडायला जमतात तेही याच नावानं.

पण बाटली परत करायची इथली सवय त्यातून आलेली नाही. त्यामागे अनामत रक्कम आहे, प्लास्टिकच्या बाटलीला २५ सेंट. दुकानाच्या यंत्रात बाटली टाकली की पैसे परत. रामादामात माझ्या मुलांना बाटल्या फारशा सापडत नाहीत, सिगारेटची थोटकं मात्र पोत्यानं, कारण थोटकाला परतायची जागा नाही. पंचगंगा म्हणतात ते मला तंतोतंत पटलं.

सायंतारा | मंगळवार, सकाळी ११.००

सवयीबद्दल एक माहिती. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी साधी कृती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. त्यात एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. रोज एकाच वेळी, एकाच गोष्टीला जोडून करणं महत्त्वाचं होतं. दर्यावर्दींची चीर रोजच्या चहाला जोडलेली आहे, साहेबांचे कॅन बुधवारला. वर्षातून दोन तासांचा रविवार कशालाच जोडलेला नाही. सफाईनंतरचे दोन-अडीच महिने रोज काय करायचं, ते त्याच दिवशी घाटावर ठरवता येईल का?

कट्ट्यावरचा | मंगळवार, सकाळी ११.२०

आणि घाटावर चहा कागदी कपात देऊ नका, कृपा करून. आत प्लास्टिकचा थर असतो. मुलं बघतात.

मुठाकाठची | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.१०

उशिरा कळवतेय, क्षमस्व. काय झालं ते सगळं सांगते.

आधी मी आमच्या ताईंना त्यांचं नाव विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "आज काय झालं?" मग त्यांनी सांगितलं की ओलं-सुकं वेगळं करायला त्यांना आमच्या एका इमारतीला पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास त्या जिन्याखाली बसून करतात. मी त्या जिन्यावरून रोज उतरते.

पुढच्या रविवारी घाटावर जायच्या ऐवजी आम्ही पार्किंगमध्ये सतरंजी घातली. ताई आल्या, त्यांच्या जोडीदारीण आल्या. पारिजातनं लिहिलं तसंच केलं, बादली माझ्याच घरची ओतली. माझ्या बादलीत दुधाच्या पिशव्यांचे चार कोपरे निघाले. दर्यावर्दींची गोष्ट सांगितली तेव्हा मुलांनी ते हातात घेऊन पाहिले, एकाच्या चिमटीतून दोनदा निसटला.

सभेत दुसरी बादली घ्यायचा ठराव आला. खर्चावरून तासभर बोलणं झालं. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, दिवाळीच्या रोषणाईतून काढू. निळ्या बादल्या आल्या. लिफ्टजवळ एक दोरी बांधली आहे, तिला चिमटे, विसळलेल्या पिशव्या तिथे वाळतात. शनिवारी ताई त्या नेतात.

२४ घरांपैकी १५ घरं नीट वेगळं करताहेत. पाच घरं अधूनमधून. चार घरांतून अजून सगळं एकत्र येतं. त्यातल्या एका घरी आजारी माणूस आहे, त्यांच्याकडे मी स्वतः संध्याकाळी जाऊन बादली पाहून येते. जिन्याखालचा पाऊण तास आता वीस मिनिटांवर आलाय, हा आकडा ताईंनी सांगितलेला.

घाटाचंही बदललं. पोती भरल्यावर बांधायची नाहीत, ताडपत्रीवर ओतून निवडायची, काच वेगळ्या डब्यात, सुई दिसली तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची, असं ठरलंय. पोती कुठे जाणार ते आधी विचारून ठेवलंय. आणि वर्षातून एकदा नाही, महिन्यातून एकदा.

दर्यावर्दी | रविवार, रात्री ९.३०

दोरीचा फोटो टाका की. आईला दाखवतो.

पारिजात | रविवार, रात्री ९.५२

ताई, आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, तुमच्या ताई कुठल्या भागात राहतात. कदाचित ओळखीच्या निघतील.

कट्ट्यावरचा | रविवार, रात्री १०.०५

मी घाटावर यायचं म्हणतोय. कधी आहे पुढची?

मुठाकाठची | रविवार, रात्री १०.११

महिन्याचा पहिला रविवार, सकाळी सात, घाटाच्या वरच्या पायरीपाशी. हातमोजे घरचे आणा, पाण्याची बाटली भरून आणा, आणि चहासाठी आपापला पेला.